‘घट्ट’ म्हणजे किती घट्ट?

मोटारसायकलचे ऑइल घरी बदलणे हे तसे अर्ध्या तासाचे काम. इंजिन थोडे गरम करायचे, खाली ट्रे ठेवायचा, ड्रेन बोल्ट सोडायचा, जुने ऑइल निथळू द्यायचे, बोल्ट परत लावायचा आणि नवे ऑइल ओतायचे. यातली प्रत्येक पायरी कुणाचे तरी पाहून शिकता येते. अपवाद फक्त एका पायरीचा. बोल्ट परत लावताना ‘नीट घट्ट करा’ असे सगळेच सांगतात, पण नीट म्हणजे किती, ते डोळ्यांना दिसत नाही. कमी पडला तर हादऱ्यांनी बोल्ट सैल होतो, ऑइल ठिबकू लागते आणि ते मागच्या टायरवर जाते. ऑइल लागलेला टायर वळणावर काय करतो, हे सांगायला नको. जास्त झाला तर इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमधले आटेच बोल्टाबरोबर बाहेर येतात. बोल्ट स्वस्त असतो, केसिंग नसते.

हा ‘किती’ मोजणाऱ्या पान्याला टॉर्क रेंच म्हणतात. गाडीची देखभाल घरी करणाऱ्यांच्या पेटीत आता तो दिसू लागला आहे. मात्र बहुतेक जण तो चुकीच्या मापाचा घेतात, आणि मग पाना असूनही आटे जातात. त्याचे कारण समजून घ्यायचे तर आधी बोल्ट काय काम करतो ते पाहावे लागेल.

बोल्ट ही खरे तर एक अतिशय ताठर स्प्रिंग आहे. तो आवळला की किंचित ताणला जातो, आणि मूळ लांबीवर परत येण्याच्या त्याच्या ओढीमुळे दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. ही ओढ पुरेशी असेल तर भाग एकमेकांवर सरकत नाहीत आणि बोल्ट सैल होत नाही. ओढ किती असते याचा एक हिशेब करता येतो. मोटारसायकलच्या इंजिनच्या झाकणांवर असतात तसा ६ मिलिमीटर जाडीचा बोल्ट १० न्यूटन-मीटर इतका आवळला, आणि त्याचे आटे कोरडे व स्वच्छ असले, तर तो भागांना साधारण साडेआठशे किलो वजनाइतक्या जोराने दाबून धरतो. करंगळीपेक्षा बारीक बोल्ट एका छोट्या मोटारीएवढा भार पेलत असतो! आठ मिलिमीटरचा बोल्ट २२ न्यूटन-मीटरला आवळला, तर हाच आकडा चौदाशे किलोंच्या घरात जातो.

टॉर्क म्हणजे शाळेच्या पुस्तकातले ‘बल आघूर्ण’: लावलेला जोर गुणिले फिरण्याच्या मध्यापासूनचे अंतर. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला १०० ग्रॅमपेक्षा किंचित जास्त वजन टांगले की झाला एक न्यूटन-मीटर. बोल्टाला हवी असते ती ओढ, आणि आपण मोजतो तो टॉर्क. या दोहोंच्या मध्ये घर्षण बसलेले असते आणि ते बराच मोठा हप्ता खाते. ढोबळ मानाने, पान्याला लावलेल्या कष्टांपैकी निम्मे बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणात जातात, आणखी चाळीस टक्के आट्यांमधल्या घर्षणात. बोल्ट ताणण्याच्या खऱ्या कामाला उरतात ते जेमतेम दहा टक्के.

घर्षण थोडे बदलले तरी सगळा हिशेब बदलतो, तो यामुळे. वरच्याच ६ मिलिमीटरच्या बोल्टाच्या आट्यांना ऑइल लागले आणि पाना मात्र त्याच १० न्यूटन-मीटरवर ठेवला, तर ओढ अकराशे किलोंच्या वर जाऊ शकते. डोक्यावर ‘८.८’ असा शिक्का असलेला या मापाचा बोल्ट कायमचा न लांबता जेमतेम बाराशे किलोंपर्यंत सोसतो. म्हणजे ‘गंजू नये म्हणून जरा ऑइल लावले’ एवढ्यानेच बोल्ट आपल्या मर्यादेच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. कोकणात किंवा मुंबईच्या पावसात गंजाची धास्ती खरी आहे, नाही असे नाही. पण पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की ऑइल लावलेल्या, हे आधी पाहावे. स्पार्क प्लगच्या आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नका, असे प्लग बनवणारे सांगतात, त्यामागेही हेच गणित आहे. उलट बाजूने गंजलेले, मातीने भरलेले आटे घर्षण वाढवतात. पाना ‘झाले’ म्हणतो आणि बोल्ट आतून ढिलाच राहतो. आवळण्याआधी आटे ब्रशने साफ करणे ही किमती पाना घेण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे.

आता प्रश्न असा, की गॅरेजमधला मुरलेला कारागीर हे सगळे मोजमाप न करता कसे निभावतो? त्याच्या हाताला अंदाज असतो, हे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे पान्याच्या लांबीत आहे. दहा नंबरचा रिंग पाना आखूड असतो, सतरा नंबरचा लांब. लहान बोल्टाला लहान दांडा देऊन पाना बनवणाऱ्यानेच जास्तीच्या जोराला आळा घातलेला असतो. कारागीर वर्षानुवर्षे तोच पाना, त्याच बोल्टावर, तशाच पकडीने फिरवतो. त्याच्या हाताला सवय असते ती या सगळ्या जोडीची. घरी काम करणारा मात्र गोटी पान्यांचा एक संच आणतो, त्यातला एकच लांब रॅचेट दांडा सगळ्या गोट्यांना लावतो, आणि हा आळा नकळत काढून टाकतो. १५ सेंटिमीटरच्या पान्यावर १० न्यूटन-मीटर आणायला टोकाशी साधारण सात किलोंचा जोर लागतो. ४५ सेंटिमीटरच्या दांड्यावर सव्वादोन किलो पुरतात. भाजीची पिशवी उचलण्याइतका हा जोर. एवढ्यात काही घट्ट झाले असे कुणाच्याही मनगटाला वाटणार नाही. हाताला जोर कळतो, टॉर्क कळत नाही.

आणि जोर तरी किती नेमका कळतो? एकोणिसाव्या शतकात लाइपझिगमधले शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी वजने उचलायला लावून दाखवून दिले, की माणसाला फरक कळतो तो प्रमाणात. हातातल्या हलक्या वस्तूत थोडी भर पडली तरी जाणवते, जड वस्तूत तेवढीच भर लक्षातही येत नाही. स्नायूंनी लावलेल्या जोराचेही असेच आहे. एकापाठोपाठ लावलेल्या दोन जोरांमध्ये दहा टक्क्यांच्या आतला फरक ओळखणे सामान्य माणसाला अवघड जाते. इथे तर तुलना असते ती सहा महिन्यांपूर्वी केव्हातरी लावलेल्या जोराशी. त्यात थकवा आपली भर घालतो. दमलेल्या स्नायूला तेच वजन जास्त जड वाटते, कारण तेवढ्याच कामासाठी मेंदूला जास्त जोरकस हुकूम सोडावा लागतो आणि आपल्याला जाणवतो तो हुकूम. म्हणून गाडी धुऊन, चेन साफ करून, शेवटी दमल्या हाताने आवळलेला बोल्ट ‘भरपूर घट्ट’ वाटतो आणि प्रत्यक्षात ढिला राहू शकतो. चाकाच्या अ‍ॅक्सलचा नट बहुधा याच वेळी आवळला जातो, ही गोष्ट जरा अस्वस्थ करणारी आहे.

हाताच्या या मर्यादेवर उपाय शोधणाऱ्यांत न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातले कॉनरॅड बार यांचे नाव घेतले जाते. जलवाहिन्यांच्या जोडांवरचे बोल्ट कुठे सैल, कुठे अतिघट्ट आढळत, या वैतागातून आपण १९१८ मध्ये टॉर्कवर मर्यादा घालणारे हत्यार बनवले, असे त्यांचे म्हणणे होते. आज चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत जुळणीच्या रांगेवर महत्त्वाच्या बोल्टांचा टॉर्क यंत्रेच ठरवतात आणि नोंदवतात. तिथून निघालेली गाडी पहिल्यांदा अंदाजाच्या ताब्यात जाते ती बाहेर आल्यावर.

बाजारात मिळणारे टॉर्क रेंच ढोबळमानाने तीन जातींचे. सर्वात साधा तो दांडीचा, म्हणजे बीम. त्यात एक लवचीक पोलादी दांडी असते, शेजारी एक सुटा काटा. जोर लावला की दांडी वाकते, काटा सरळच राहतो आणि पट्टीवर आकडा दाखवतो. आत स्प्रिंग नाही, बॅटरी नाही, झिजण्यासारखे काही नाही. रिकामा असताना काटा शून्यावर आहे एवढे पाहिले की झाले. नसेल तर काटाच हलकेच वाकवून शून्यावर आणता येतो. तोटे दोन: आकडा वाचायला डोळे बरोबर पट्टीच्या समोर हवेत, तिरके पाहिले की चुकते, आणि अडचणीच्या जागी तो शिरत नाही. दिसायला जुनाट, त्यामुळे दुकानदार तो सहसा पुढे करत नाही. वर्षातून चार-सहा वेळा पाना हातात धरणाऱ्यासाठी मात्र याच्याइतके प्रामाणिक हत्यार दुसरे नाही.

दुसरा, सर्वात खपणारा, ‘क्लिक’ जातीचा. मूठ फिरवून आकडा लावायचा; मूठ फिरते तशी आतली स्प्रिंग दाबली जाते. तेवढा टॉर्क झाला की आतला लहानसा ठोकळा कलतो आणि ‘टक्’ असा आवाज व झटका येतो. इथे एक गैरसमज पक्का रुजलेला आहे, की क्लिक झाल्यावर पाना आपोआप सुटतो. तसे होत नाही. क्लिकनंतर तो जेमतेम काही अंश मोकळा फिरतो आणि पुन्हा साध्या पान्यासारखा धरतो. ओढत राहिलात तर तो खुशाल बोल्ट तोडून देईल. मोठ्या पान्यावर आकडा अगदी कमी लावला असेल तर हा झटका इतका हलका असतो, की रस्त्याच्या गोंगाटात तो चुकतोच. तिसरा डिजिटल. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असते तसलीच, ताण पडला की विद्युतरोध बदलणारी पट्टी त्यात असते. आकडा पडद्यावर दिसतो, शिटी वाजते. उत्तम असतो, पण महाग. त्यातही स्वस्तातला डिजिटल घेण्यापेक्षा त्याच पैशांत चांगला क्लिकचा घ्यावा.

जातीपेक्षा निर्णायक आहे ते माप, आणि घोळ होतो तो इथेच. दुकानात सहज मिळणारा आणि दिसायला दणकट टॉर्क रेंच असतो चार सुताचा, म्हणजे अर्धा इंची चौकोनी टोकाचा, मोटारींच्या चाकांसाठी बनवलेला. त्याची कमाल क्षमता २०० न्यूटन-मीटरच्या आसपास असते. ‘मोठा घेतला की लहान कामही होईल’ हा हिशेब पातेल्याला लागू पडतो, पान्याला नाही. क्लिकचा पाना आपल्या कमाल क्षमतेच्या साधारण वीस टक्क्यांच्या खाली भरवशाचा राहत नाही. २०० च्या पान्याचा भरवसा सुरू होतो ४० पासून, आणि १००-१२५ सीसीच्या गाडीवरचे बहुतेक बोल्ट तर ४० च्या आतच असतात!

जपानी पद्धतीच्या दुचाकींच्या पुस्तिकांमध्ये सर्वसाधारण बोल्टांचा एक तक्ता असतो. त्यात ६ मिलिमीटरला १० ते १२, ८ मिलिमीटरला २२ ते २७, १० मिलिमीटरला ३४ ते ३९ न्यूटन-मीटर असे आकडे दिसतात. १० मिलिमीटर आट्यांच्या स्पार्क प्लगला साधारण १० ते १२, १२ मिलिमीटरच्याला १५ ते २० पुरतात. ड्रेन बोल्ट बऱ्याच गाड्यांत २० ते ३० च्या दरम्यान. एकटा अ‍ॅक्सलचा नट या कळपातून बाहेर, ५० च्या पुढे. हे आकडे फक्त अंदाज यावा म्हणून. प्रत्यक्ष आवळताना आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच आकडा घ्यावा. खरेदीला जाण्याआधी घरी होणारी कामे आणि त्यांचे आकडे एका कागदावर उतरवले, तर कुठला पाना हवा ते तो कागदच सांगतो. बहुतेकांच्या कागदावर गर्दी दिसेल ती १० ते ३० मध्ये.

म्हणून पहिला पाना घ्यायचा तो लहान: पाव इंची किंवा तीन सुती टोकाचा, ५ पासून २५-३० पर्यंत जाणारा, क्लिकचा. आटे जाण्याची शक्यता सर्वात जास्त असते ती याच टापूत, अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरणाऱ्या लहान बोल्टांत. अ‍ॅक्सल, ब्रेक कॅलिपर यांसारख्या मोठ्या कामांसाठी दुसरा पाना लागेल, आणि तिथे १०० ते १५० पर्यंतचा दांडीचा पाना स्वस्तात काम भागवतो. या जागा मोकळ्या असतात, काटा वाचायला अडचण येत नाही. दोन्हींचे काम करणारा एकच पाना शोधू नये. दहा ते शंभर असा पट्टा छापलेला पाना दहावर काय करतो, ते बोल्ट तुटल्यावर कळते.

वेष्टनावरची टक्केवारीही नीट वाचावी. समायोज्य क्लिकच्या पान्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ६७८९ मध्ये, कमाल क्षमता १० न्यूटन-मीटरहून जास्त असलेल्या पान्याला ४ टक्के आणि त्याहून लहान पान्याला ६ टक्के इतकी चूक माफ आहे. ही टक्केवारी लावलेल्या आकड्याची असते. काही स्वस्त पान्यांवर मात्र ‘३ टक्के’ लिहिलेले असते ते कमाल क्षमतेचे. १०० च्या पान्याला ३ टक्के म्हणजे सरसकट ३ न्यूटन-मीटर. १० वर लावला की चूक झाली ३० टक्के. वेष्टनात त्या पान्याच्या क्रमांकासह तपासणीचा दाखला असेल तर उत्तम. आकड्यांचे एककही पाहून घ्यावे. जुन्या पुस्तिकांत किलोग्रॅम-मीटर असतात, पान्यावर न्यूटन-मीटरच्या शेजारी फूट-पौंडाची पट्टी असते. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, १ फूट-पौंड म्हणजे १.३६. पुस्तिकेतले २२ न्यूटन-मीटर चुकून फूट-पौंडाच्या पट्टीवर लावले, तर बोल्टावर जवळजवळ ३० पडतात.

वापरताना मूठ मधोमध धरून सावकाश, एका संथ ओढीत आवळावे. हिसका दिला की क्लिकच्या आधीच आकडा ओलांडला जातो. क्लिक एकदाच. ‘खात्रीसाठी’ केलेले दुसरे-तिसरे क्लिक दर वेळी बोल्ट थोडा पुढे सरकवू शकते. आधीच आवळलेल्या बोल्टावर पाना लावून तो बरोबर आहे का हे तपासणेही फसवे, कारण थांबलेल्या बोल्टाला हलवायला फिरत्या बोल्टापेक्षा जास्त जोर लागतो. शंका असेल तर बोल्ट सोडून नव्याने आवळावा. ड्रेन बोल्टाचा वायसर दर वेळी नवा घालावा. तो चेपला जाण्यासाठीच मऊ धातूचा असतो, आणि एकदा चेपलेला वायसर गळतो म्हणून लोक बोल्ट आणखी आवळतात, तिथूनच आटे जाण्याची सुरुवात होते. टॉर्क रेंचने बोल्ट सोडू नये, त्यासाठी साधा पाना आहे. काम झाल्यावर क्लिकच्या पान्याची मूठ सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवावी, म्हणजे स्प्रिंग दबून राहत नाही. मात्र त्याहूनही खाली, पार ढिली करू नये.

पाना बरोबर आहे की नाही, याची ढोबळ परीक्षा घरच्या घरी, एक बादली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर होते. आधी चौकोनी टोक काट्याइतक्याच उंचीच्या ठोकळ्यावर टेकवून, मुठीचा मध्य काट्यावर ठेवून पान्याचे त्या जागेचे वजन घ्यावे. समजा ते ४०० ग्रॅम भरले. मग चौकोनी टोक शेगड्यात पक्के धरून पाना आडवा ठेवायचा, असा की मूठ खाली गेल्यावर तो आवळण्याच्या दिशेने फिरेल. आकडा २० वर लावायचा, मुठीच्या मध्यावर बादली टांगायची आणि हळूहळू पाणी ओतायचे. क्लिक झाले की थांबून बादली पाण्यासकट तोलायची. काट्याला एवढे वजन पेलत नसेल तर पाणी दोन-तीनदा करून मोजावे. टोकाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंतचे अंतर ३० सेंटिमीटर असेल आणि बादली ६.४ किलो भरली, तर पान्याचे ४०० ग्रॅम धरून झाले ६.८ किलो, त्याला ९.८१ ने आणि ०.३ ने गुणले की २० न्यूटन-मीटर येतात. पाना बरोबर. तीन-चार वेळा करून सरासरी घ्यावी. उत्तर अठरा ते बावीसच्या बाहेर जात असेल, किंवा पाना हातातून फरशीवर पडला असेल, तर तो एनएबीएलची मान्यता असलेल्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळेकडे न्यावा. पुण्यासारख्या औद्योगिक शहरांत त्या आहेत. कारखान्यांत हे वर्षातून एकदा किंवा ५ हजार वेळा वापरल्यावर करतात. घरच्या पान्याला एवढी घाई नसते. जाण्यापूर्वी शुल्क मात्र विचारून घ्यावे, स्वस्तातल्या पान्याच्या बाबतीत ते नव्या पान्याच्या किमतीला भिडू शकते.